खाटेखालची जागा

३ डिसेंबर १९७८, रविवार. जळगाव जामोद

आणि दादा म्हणतो मी कुठंच टिकत नाही. टिकण्यासारखं काही असल्यावर माणूस टिकेल की नाही? बुलढाण्याच्या हॉटेलात मालक वापरलेली चहापत्ती वाळवून पुन्हा उकळायला लावायचा, तिथं टिकू? खामगावच्या जिनिंगमध्ये रुईच्या कसपटानं नाक बंद व्हायचं, तिथं टिकू? ट्रकवर क्लिनर होतो तर ड्रायव्हर पिऊन झोपायचा आणि गाडी माझ्या हाती द्यायचा. ते घरी सांगितलं तर दादा म्हणे, मग काय झालं, फुकटात ड्रायव्हर झाला असता. उंद्रीच्या वावरात त्याच्यामागं तिफण धरून चालणं म्हणजे टिकणं, बाकी सगळी भटकंती. निघताना शालूवहिनी दशम्या बांधत होती तर तिलाही बोलला की दोनच बांध, तिसरी लागायच्या आत हा परत येतो.

तर दादा, पोचलो मी. घाट उतरलो, खामगावला गाडी बदलली, नांदुऱ्याला पुन्हा बदलली आणि दिवस कलायच्या आत पोचलो. घाटाखाली थंडीसुद्धा आपल्याकडच्यासारखी नाही, हाडात शिरत नाही. ज्या दवाखान्यात काम लागलं त्याच्या ओट्यावर उभं राहिलं की सातपुडा दिसतो, कोणी निळी घोंगडी वाळत घातल्यासारखा. मला मागच्या बाजूला एक खोली दिली. खिडकी आहे. उंद्रीत माझ्या वाट्याला कधी खिडकी आली होती का?

डॉक्टरसाहेब तरुण आहेत, नागपूरला शिकलेले, बोलताना हातानं हवेत चित्रं काढतात. नर्स अन्नपूर्णाबाई मात्र तोंडाची तिखट. आल्याआल्या म्हणाली, घाटावरचे लोक हळू बोलतात आन् लय खातात असं ऐकलं. मी बेसनाबरोबर चार भाकरी खाल्ल्या. म्हणाली, एक तर खरं निघालं, बोलायचं उद्या पाहू.

ही डायरी साहेबांनी दिली. औषधाच्या कंपनीची आहे, वर्ष संपत आलं म्हणून फुकट. म्हणाले, चौथी पास आहेस तर रोज लिहीत जा, हात वळेल. लिहितो. दादाशी भांडायला तरी कामी येईल, तो उलटून बोलणार नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

माझं काम काय ते आज कळलं. दादाला सांगितलं तर तो पोट धरून हसेल.

कोपऱ्यातल्या खोलीत लाकडी फळ्यांची एक खाट आहे. पाय विटांवर चढवलेत, आणि डोक्याच्या बाजूला फळीत घागरीच्या तोंडाएवढं भोक पाडलंय. ज्याची छाती भरली, ज्याला श्वास पुरत नाही, त्याला साहेब या खाटेवर पालथं निजवतात. तोंड भोकात, कपाळाखाली कापडाची चुंबळ, बाया डोक्यावर घागरीखाली घेतात तसली. ऑक्सिजनची नळी खालून येते. साहेबांनी हे परदेशी डॉक्टरी मासिकात वाचलं. मला समजावलं की फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडं असतो, माणूस उताणा पडला की तोच भाग दबतो, त्यात पाणी साचतं, हवेला जागा राहत नाही. पालथा केला की तो भाग मोकळा होतो. मोठ्या शहरात श्वास देणारी यंत्रं असतात. आपल्याकडं फळी आहे, म्हणाले, आणि तू आहेस.

कारण पालथ्या माणसाचं तोंड वरून दिसत नाही. ओठ निळे पडले, नळी निसटली, चुंबळ सरकली, कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून एकानं खाटेखाली गोणपाटावर उताणं पडून वर बघत राहायचं. दादा, मला पडून राहण्याचा पगार मिळणार आहे.

साहेबांनी स्वतः पालथं होऊन दाखवलं. मी खाली सरपटलो. भोकातून त्यांचं तोंड लोंबतं दिसलं, गाल सुटलेले, आणि त्यांचा चष्मा निसटून माझ्या नाकावर पडला. दोघंही हसलो. मग त्यांनी तिथूनच सगळं शिकवलं. रोग्याला ऐकू जाईल असा संथ, मोठा श्वास मी घ्यायचा, म्हणजे घाबरलेला माणूस माझ्याबरोबर श्वास घेतो. त्यांना विचारल्याशिवाय कोणाला उताणं करायचं नाही. धाप लागलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते सरळ फुप्फुसात जातं; ओठ ओल्या फडक्यानं पुसायचे. आणि वाईट होत चाललं तर काय काय दिसेल तेही सांगितलं. नाकपुड्या फडफडतील, नखं जांभळी होतील, माणूस बरळेल. मी सगळं पाठ केलं.

८ डिसेंबर, शुक्रवार

आज पहिला पेशंट. बाई आहे, माझ्याच वयाची, कोकिळा नाव. पहाडाच्या पायथ्याच्या गावातून आईनं छकड्यात घालून आणली. ताप आला, खोकला झाला, मग छाती भरली. नवरा सुरतेकडं कामाला गेलाय. तान्ही पोर आहे, आजीच्या खांद्यावर.

साहेबांनी तिला पालथी घालायला सांगितलं तर आईनं, झुंबरबाईनं, खाटेची फळी धरून ठेवली. म्हणाली, साहेब, तुम्ही शिकलेले हा, पण माणूस असं निजवतात का? तिचं म्हणणं, तिची माय अशीच गेली, कुशीवर, भिंतीकडं तोंड करून, आणि घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही. तोंडात पाणी घालायचं राहून गेलं. अजून सपनात येते म्हणे, व्होट फुटलेले, तांब्याकडं बोट दाखवते. या पोरीचं कमीजास्त झालं तर पालथ्या तोंडात मी पाणी कसं घालू?

साहेबांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, माय, ती मरणार हे धरूनच आलीस का? मग तिनं फळी सोडली.

१० डिसेंबर, रविवार

खाटेखालून माणूस वेगळंच दिसतं. तोंड खाली लोंबल्यामुळं सगळं खरं दिसतं. कोकिळाताईच्या भुवईत एक जुना व्रण आहे, लहानपणी बोरीवरून पडली. बोलायला तिला त्रास होतो, दोन शब्द बोलते आणि थांबते, तरी गप्प बसत नाही. काल म्हणाली, भाऊ, तुह्या नाकातले केस काप, दिवसभर मले तेच दिसतात. आज कापून आलो तर हसली, आणि खोकल्याची उबळ आली, आणि अन्नपूर्णाबाईनं मलाच झापलं.

दिवसभर मला एकच विचारते. पोर काय करून राह्यली? मी सरपटत बाहेर जातो, ओट्यावर बघून येतो, पुन्हा खाली जाऊन सांगतो. झोपली. रडली. आजीचं नाक धरलं. आज मला राहवलं नाही. झुंबरमावशीकडून पोर घेतली, खाटेखाली शिरलो आणि माझ्या छातीवर तिला उताणी ठेवली. पोर वर बघू लागली. कोकिळाताई तिच्याकडं बघत राहिली. मग एक थेंब माझ्या गळ्यावर पडला, मग एक पोरीच्या गालावर, आणि पोरीनं तो जिभेनं चाटून पाहिला.

आम्ही तिघंही एका लयीत श्वास घेत होतो. दादा, हे काम मी सोडणार नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

आज बरं नाही. नाकपुड्या फडफडतात. नखं जांभळी. मला दोनदा पोरीच्या बापाच्या नावानं हाक मारली.

झुंबरमावशी पदर पसरून बसली आहे. एकदा उताणी करू दे म्हणते, दोन थेंब घालू दे. मी नाही म्हटलं. पुन्हा आली, पुन्हा नाही म्हटलं. साहेबांनी तिला ओट्यावर नेऊन सांगितलं की अजून दोन दिवस निघाले तर माझ्या हातात काहीतरी येईल, तेवढे दे. ती परत येऊन माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, तुले माय हाये का रे? आहे म्हटलं. मंग तुले कसं समजत नाही.

१३ डिसेंबर, बुधवार

कोकिळाताई गेली.

साहेब आणि अन्नपूर्णाबाई एका अडलेल्या बाळंतिणीसाठी फटफटीवर पहाडाकडच्या गावाला गेले होते. मी खाली पडून श्वास घेत होतो. जेवणवेळ टळल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी एकटाच घेतोय. तिचा आवाज नाही. पाहिलं तर डोळे मिटलेले. नाकपुड्या हलत नाहीत. कपाळावरची आठी गेलेली, तोंड जरा उघडं. नाकाखाली बोट धरलं तेव्हा कुठं श्वास जाणवला, इतका हलका. हाक मारली, ओ नाही. इतके दिवस धापा टाकणारं माणूस एकाएकी असं शांत.

मी बाहेर आलो तर झुंबरमावशीला माझ्या तोंडावरूनच कळलं. म्हणाली, चालली का रे बापू? ती रडली नाही. तांब्या घेऊन आली, त्यात तुळशीचं पान. म्हणाली, साहेबाचं औषध झालं, आता माह्या हातचं एवढं राहू दे. जीव हाये तवाच घालावं लागते, मंग घालून काय.

साहेब नव्हते. ती जातच होती. मला वाटलं जातच होती.

मी डोक्याकडून धरलं, तिनं पायाकडून. रुईच्या गाठोड्याइतकी हलकी. उताणी झाल्यावर तिनं डोळे उघडले. आढ्याकडं पाहिलं, मग आईकडं, मग माझ्याकडं. झोपेतून उठलेलं माणूस बघतं तसं. मला वाटलं शेवटची ओळख पटली, चांगलं झालं. मावशीनं पाणी घातलं. तिनं गिळलं, अजून मागितल्यासारखं केलं. मावशीनं अजून घातलं. मग ठसका लागला. तो थांबला नाही. पालथी करेपर्यंत — केलीच नाही. दोघंही धरून उभे होतो.

नंतर मावशीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुह्यामुळं माही लेक कोरडी नाही गेली, म्हणाली.

साहेब आले तेव्हा मी सांगितलं की गेल्यावर उताणं केलं. ते स्टुलावर बसून राहिले. चष्मा पुसत म्हणाले, सकाळी तिच्या पाठीत आवाज बरा वाटला होता रे मला.

१८ डिसेंबर, सोमवार

झुंबरमावशी येऊन गेली. गोधडी राहिली होती ती न्यायला. माझ्यासाठी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणला. गावात सगळ्यांना सांगते म्हणे की दवाखान्यातल्या पोराचं काळीज मायसारखं आहे. आता सपनात तिची माय येत नाही. लेक येते, पण हसत येते. पोर बकरीचं दूध पिते, पचत नाही, पण पिते.

मी तिच्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, मला वाटलं की माझ्या हातून एक काम नीट झालं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

नवा पेशंट आहे, तीन दिवस झाले. पंजाबराव, मोठे बागाईतदार, मिशावाले. तसाच ताप, तशीच छाती. पालथे घातले तर फळीच्या भोकातून पहिली शिवी मलाच. काय बे पोट्ट्या, खालून काय पाह्यतं, माह्या तोंडाले काय नाटक लागलं? मी म्हटलं, मालक, तुमच्या मिशा पडदा पाडतात, म्हणून नीट दिसत नाही. हसले आणि धाप लागली. पण माझ्या श्वासाबरोबर श्वास घेतात. पुढं पुढं शिव्या कमी झाल्या. आज एकही दिली नाही, म्हणून मला काळजी वाटते.

२५ डिसेंबर, सोमवार

दुपारी पंजाबराव शांत झाले. अगदी तसेच. डोळे मिटलेले. नाकपुड्या थांबल्या. आठी गेली. श्वास बोटाला लागेल न लागेल असा. हाकेला ओ नाही.

मी पळत साहेबांच्या घरात गेलो, ते ताटावरून उठून उष्ट्या हातानं आले. पाठीला नळी लावून ऐकलं. इकडं ऐकलं, तिकडं ऐकलं. मग माझ्या पाठीत थाप मारून हळूच म्हणाले की दयाराम, झोप लागली यांना. पहिली झोप. आता हा माणूस वाचला, याला हात लावू नको, कोणाला बोलू देऊ नको, झोपू दे.

सगळ्यांना चहा दिला. अन्नपूर्णाबाईनं माझ्या चहात साखर जास्त टाकली.

मी कप हातात घेऊन उभा होतो.

तशीच आठी गेली होती. तसंच तोंड उघडं होतं.

वाईट झालं तर काय दिसतं ते सगळं मी पाठ केलं होतं. बरं होताना काय दिसतं, ते मी विचारलं नव्हतं.

२६ डिसेंबर, मंगळवार

साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. सगळेच असे झोपतात का बरे होताना? बहुतेक जण, म्हणाले. श्वास घेऊन घेऊन दमलेलं असतं शरीर, हवा मिळाली की आधी झोप घेतं. आणि तेव्हाच कोणी उताणं केलं, पाणी पाजलं तर? म्हणाले, असं कोण करेल रे?

मी फडकी धुवायला गेलो.

२९ डिसेंबर, शुक्रवार

पंजाबराव घरी गेले. चालत गेले. जाताना मला जवळ घेतलं.

खाट रिकामी. दुपारी दवाखाना निजलेला असतो. खालची फरशी पुसायला गेलो, गोणपाट उचलला तर ओला. वाळत घातला. परत आलो तर फरशी ओली, तेवढीच, भोकाखाली. वर पाहिलं. भोकातून आढं दिसतं, दुसरं काही नाही.

पण ऊब आली. तोंडावर. एक श्वास येतो आणि जातो तशी.

३१ डिसेंबर, रविवार

ती आहे.

आज दुपारी गोणपाटावर पडलो, मुद्दाम. आधी आढं दिसत होतं. मग मी मोठा संथ श्वास घेतला, सवयीनं, आणि तिनं माझ्याबरोबर घेतला. भुवईतला व्रण दिसला. डोळे मिटलेले. रागावलेली नाही. माझ्याकडं बघतसुद्धा नाही. कोकिळाताई झोपली आहे. गालाला रंग आहे. ओठ निळे नाहीत. बरी होऊन राह्यली.

मी हललो नाही. ती उठू नये म्हणून.

२ जानेवारी

डायरी संपली, मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

रोज दुपारी झोपलेली असते. रोज बरी होत असते. आणि मग पावलं येतात. खाटेखालून पावलंच दिसतात. एक बाईची, अनवाणी, जोडवी झिजलेली. दुसरी पुरुषाची. टायरच्या चपला, डाव्या अंगठ्याला तार बांधलेली.

त्या चपला माझ्या पायात आहेत. मी खाली पडलेलो आहे आणि माझ्या पायात आहेत.

मी ओरडलो. ओरडलो असं वाटलं. झोपलीये ती, हात लावू नका. आवाज निघत नाही. तिचं तोंड भोकातून वर उचललं जातं. मग वरून पाणी —

४ जानेवारी

आज दोन्ही हात वर करून तिचं डोकं धरून ठेवलं. कपाळ गरम. केस लागले हाताला. वजन आहे, खरं वजन. धरून ठेवलं, धरून ठेवलं — वरच्याचा जोर जास्त. तो काळजानं करतो. त्याला वाटते चांगलं करून राह्यलो. माझ्याच हातांना कसं आवरू?

ती गेली की पाणी पडते. माझ्या तोंडात. तुळशीचा वास. ठसका. संध्याकाळपर्यंत जात नाही ठसका.

अन्नपूर्णाबाई म्हणे, तू खोकतो काऊन?

५ जानेवारी

ताप. साहेबांनी पाठीला नळी लावली. माझ्या पाठीला. बराच वेळ ऐकलं आणि हातानं हवेत काही काढलं नाही. म्हणाले, त्याच पेशंटांचं लागलं तुला. उंद्रीला तार करतो.

मले त्या खाटेवर घातलं.

पालथाच लिहितो, हात फळीवरून खाली टाकून, डायरी विटेवर ठेवून. भोकातून गोणपाट दिसते. खाली कोणी नाही. अन्नपूर्णाबाईचे गुडघे दुखतात, ती वाकून पाहते आन् जाते. माझ्याबरोबर श्वास घ्यायले कोणी नाही —

आहे. डोळे मिटले की खालून येतो आवाज. संथ. ती घेते.

७ जानेवारी

झुंबरमावशी आली. बाजारात कोणी सांगितलं तिले. चालत आली पोरीले खांद्यावर घेऊन. म्हणे, तुह्या मायले यायले वेळ लागन, तवरोक मी हाओ. पोर गोणपाटावर ठेवली, मले करमावं म्हणून. पोर वर पाह्यते. भुवया मायच्याच.

तांब्या आणलाय. मले दिसतो, खाटेच्या पायाशी ठेवलाय. पान आहे त्यात.

म्हणे, भिऊ नको. तुले कोरडा नाही जाऊ देणार. साहेब नाही म्हणते, मी आत्ता नाही घालत. श्वास हलका पडला की मंग घालीन. मले समजते आता.

साहेबांना सांगावं तर सगळं सांगावं लागते.

धाप. लिहिता येत —

दुपारी तिले म्हटलं. दोन दोन शब्दांनी म्हटलं. मावशी, श्वास हलका पडला म्हणजे — कधी कधी झोप असते.

पोर खाली हुंकारत होती. मग तिनं विचारलं, हळूच. मंग माह्या कोकिळीचा?

दादा, मी काय म्हणू?

नाही म्हटलं. नाही मावशी. तिचा नव्हता. ती चालली होती.

हाव, म्हणाली. मले बी तसंच दिसलं. पदरानं डोळे पुसले, आन् तांब्या जवळ सरकवला.

सोमवार असेल

फटफटीचा आवाज गेला. गावाकडं. साहेब, अन्नपूर्णाबाई, दोघंही गेले.

पावलं उभी आहेत. जोडवी. तिची खरी. बाजूले चपला. तारेच्या. त्या कोणाच्या — माझे पाय तर वर —

काल रात्री नव्हतं असं. छाती सैल. आत हवा जाऊन राह्यली. गार. पाठीपर्यंत. बरं वाटते. दादा, बरं वाटून राह्यलं. डोळे —

झोपू नये. झोपू नये. तिले सांगावं, मावशी ऊठ, तांब्या ने. का म्हणून विचारन. मग सांगावं लागन. ती पोरीले पाय हलवून खेळवते. काहीतरी गुणगुणते. किती दिवसांनी —

नाही सांगत.

खिशात पगार आहे. पोरीले बकरीचं पचत नाही, गाईचं लाव म्हणतो. मावशीच्या हाती पोरीसाठी देतो. नव्वद रुप